गोव्यात डिझाइन करताय? मग जॉमेट्रिक सॅन्स निवडताना आधी देवनागरी बघा

जॉमेट्रिक सॅन्स म्हणजे ज्या फॉन्टचा ओ कंपासने काढल्यासारखा गोल असतो, रेघा सगळीकडे जवळपास सारख्याच जाड असतात आणि अक्षरांच्या टोकांना ते फाटे नसतात. पणजीत अठरा जून रस्त्याने एक चक्कर मारा, नवा कॅफे, नवा डेंटिस्ट, नवा फ्लॅटवाला बिल्डर, बरेचसे बोर्ड ह्याच घराण्यातले दिसतील. क्लायंटपण येऊन हेच सांगतो, एकदम क्लीन पाहिजे, मॉडर्न पाहिजे, आणि फोनवर कुठल्यातरी परदेशी ब्रँडचा स्क्रीनशॉट दाखवतो ज्यात देवनागरीचं एक अक्षर नसतं.

इथेच सगळी गोची आहे. आमच्या गोव्यात एकाच लिपीत काम क्वचितच संपतं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीही वापरता येते, त्यात इंग्रजी सगळीकडे आहेच, आणि तियात्राचं, म्हणजे कोंकणी नाटकाचं, पोस्टर असेल तर रोमन लिपीतली रोमी कोंकणी. म्हणजे एकाच बोर्डावर दोन लिप्या आणि दोन-तीन भाषा. म्हणून माझं सरळ म्हणणं असं की फॉन्टची फॅमिली निवडताना तिचा इंग्रजी नमुना बघून भाळू नका, आधी तिची देवनागरी उघडून बघा, ती आवडली तरच इंग्रजीकडे वळा. उलटं केलं की शेवटी देवनागरी कुठूनतरी उचलून चिकटवायला लागते आणि ते दिसतंच.

इतिहास थोडक्यात सांगतो कारण क्लायंटसमोर उपयोगी पडतो. जर्मनीत पॉल रेनरने केलेला फ्युचुरा १९२७ मध्ये बाउअर फाउंड्रीने, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीने, बाजारात आणला, ह्या घराण्याचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. १९७० मध्ये हर्ब लुबालिन आणि टॉम कार्नासे यांचा अव्हान्ट गार्ड आला, २००० मध्ये गॉथम. फुकटातला मोन्सेरात तर सगळ्यांनाच माहीत आहे, हुलिएता उलानोव्स्कीने ब्वेनोस आयरेसच्या त्याच नावाच्या मोहल्ल्यातल्या जुन्या बोर्डांवरून तो केला. ही सगळी मंडळी देखणी आहेत पण नेहमी जी फाइल आपल्या हातात येते तिच्यात देवनागरी नसते. तुम्ही मोन्सेरात निवडून "फोंडा" टाइप केलं की सॉफ्टवेअर एकतर चौकोनी डबे दाखवणार नाहीतर गुपचूप दुसराच फॉन्ट लावणार, विंडोजवर निर्मला किंवा मंगल, मॅकवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. आणि हे गुपचूप लावणं जास्त धोक्याचं, कारण तुमच्या लॅपटॉपवर एक दिसतं आणि क्लायंटच्या फोनवर दुसरंच.

पकडायची युक्ती सोपी आहे. दोन्ही लिप्यांचा मजकूर सिलेक्ट करा आणि वेट, म्हणजे अक्षराची जाडी, मीडियमवरून सेमीबोल्ड करा, मग लाइट करा. इंग्रजी जाड-बारीक होतंय आणि देवनागरी ढिम्म हलत नाही, तर ती उसनी आहे असं समजा.

सुरुवातीला मी सगळ्यांना पॉपिन्सच सांगतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ मध्ये केला, देवनागरी निनाद काळे यांची, लॅटिन, म्हणजे इंग्रजी अक्षरं, जॉनी पिनहॉर्नची. नऊ वेट आणि प्रत्येकाचा इटॅलिक म्हणजे एकूण १८ स्टाइल, आणि देवनागरी पण गोलावरच बेतलेली, इंग्रजीचं शेपूट म्हणून जोडलेली नाही. ह्यात देवनागरीच्या मूळ अक्षराची उंची आणि इंग्रजीतल्या स्मॉल बी, डी, एलच्या दांड्याची उंची एक ठेवली आहे, कॅपिटल थोडी बुटकी आहेत, त्यामुळे एकाच साइजला दोन्ही लिप्या लावल्या तरी देवनागरी बारकी वाटत नाही. दुसऱ्या जोड्यांमध्ये हाच त्रास असतो, २० पॉइंटचं इंग्रजी आणि शेजारी २० पॉइंटची देवनागरी, आणि देवनागरी बिचारी अंग चोरून बसल्यासारखी. आणि गोलाईचं म्हणाल तर पॉपिन्समध्ये कंपास आंधळेपणाने चालवलेला नाही, जिथे दोन रेघा मिळतात तिथे जाडी थोडी कमी केली आहे म्हणजे सांध्यावर काळा डाग दिसत नाही. मोठा करून "क" बघा, पोटातली रेघ दांड्याला भिडते तिथे लगेच कळेल.

आता पारखायचं कसं. फाउंड्रीच्या पानावरचं नमुना वाक्य बघू नका, ते सगळ्यात चांगलं दिसेल असंच निवडलेलं असतं. आपले शब्द टाका. मी एक फाइल करून ठेवली आहे, नवा फॉन्ट आला की त्यात लावून बघतो, आणि तीतले शब्द असे:

किनाऱ्यावर. शॅक, होमस्टे, वॉटरस्पोर्ट्स, कोणाच्याही मजकुरात हा येतोच, आणि ह्यातला तो ऱ्य बऱ्याच फॉन्टना जमत नाही. रेघ आडवी वळून य ला टेकली पाहिजे. पाय मोडलेला र आणि शेजारी सुटा य असं दिसलं तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही, बाकी कितीही देखणा असो.

म्हापशें. कोंकणीत मात्रा आणि तिच्यावर अनुस्वार हे पदोपदी येतं, सगळें, बरें, आमचें. टिंब मात्रेला चिकटतं का, किंवा इतकं वर जातं की वरच्या ओळीत घुसतं, ते बघा. हिंदी मजकूर समोर ठेवून केलेल्या फॉन्टात इथे हयगय होऊ शकते.

उद्घाटन, प्रसिद्ध, श्रद्धा, लक्ष्मी. बॅनरवरचे नेहमीचे शब्द. हे रेग्युलरमध्ये नाही तर सगळ्यात जाड वेटमध्ये बघायचे, कारण द्ध आणि श्र ची पोटं ब्लॅक वेटमध्ये बुजतात. स्क्रीनवर ठीक वाटतं, फ्लेक्सवर शाई पसरली की नुसता गोळा.

कुंकळ्ळी आणि वाळपई ळ साठी. ळ चे दोन्ही गोळे सारखे आहेत का, आणि ळ्ळ जोडला की रुंदी किती वाढते. फातर्पेच्या श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण देवस्थानाचं नाव एका ओळीत बसवून बघा म्हणजे जॉमेट्रिक फॉन्टची खरी किंमत कळते, कारण गोलाला जागा लागते आणि नाव काही लहान करता येत नाही. अशा वेळी जॉमेट्रिकचा हट्ट सोडा. खांद किंवा तेको सारखा अरुंद फॉन्ट घ्या, नाहीतर "एक टाइप" ह्या फाउंड्रीचा "अनेक देवनागरी" हा फॉन्ट, त्यात रुंदी कमीजास्त करता येते. कृपा करून फॉन्ट पकडून आडवा चेपू नका. उभे दांडे बारीक होतात, आडव्या रेघा तशाच राहतात आणि गोलाचं अंडं होतं.

ॲप, ॲडमिशन. हा ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, मागाहून आलेला आहे, जुन्या फॉन्टात नसतो, मग तेवढंच एक अक्षर दुसऱ्या फॉन्टचं येतं आणि क्लायंट विचारतो हे एकच जाड का दिसतंय.

ल आणि श वेगळेच सांगायला पाहिजेत. मराठी डोळ्याला पाकळीचा ल आणि देठाचा श लागतो, महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. हिंदी वळणाच्या फॉन्टात दांड्याचा ल आणि शेंडीचा श येतो. तरुण क्लायंटला फरक कळत नाही पण देवस्थान कमिटीतले आजोबा बरोब्बर बोट ठेवतात. काही फॉन्टात दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी लावली की आपोआप बदलतात, वेबवर लँग ॲट्रिब्यूटमध्ये एमआर, आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्लिफ पॅनल, म्हणजे फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दाखवणारी खिडकी, उघडून दुसरं रूप आहे का शोधायचं. नसेल तर नसेल, मग क्लायंटला आधीच सांगून टाका.

इंग्रजी बाजूलाही आपलेच शब्द. सोकोरो इंग्रजीत लिहून बघा, जवळपास नुसते गोलच, जॉमेट्रिक फॉन्टला ह्याहून चांगला मॉडेल मिळणार नाही, काणकोणपण तसंच. केपेच्या क्यूची शेपटी बघा, काही फॉन्टात ती इतकी आखूड असते की लांबून ओ वाटतो. आणि पोर्तुगीज नावं, साओ, कॉन्सेइसांव, ह्यात ए वरची लाट आणि सीखालची शेपटी लागते, रोमी कोंकणीच्या मजकुरातही ती लाट येते. पॉपिन्समध्ये आहे. फुकट म्हणून कुठूनही उतरवलेल्या फॉन्टात असेलच असं नाही.

बरं, फॉन्ट ठरला. आता सॉफ्टवेअर नीट लावा, कारण निम्म्या लोकांची "फॉन्ट खराब आहे" ही तक्रार खरंतर सेटिंगची असते. इलस्ट्रेटरमध्ये "डिचोली"ची पहिली वेलांटी भलतीकडे गेली किंवा "म्हापसा"तला म्ह फुटून म आणि ह वेगळे झाले तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स दाखवा ह्यावर टिक करा आणि मग पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोजर निवडा. इनडिझाइनमध्ये त्याचं नाव वर्ल्ड-रेडी कंपोजर. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये टाइप प्रेफरन्समध्ये जाऊन बदलायला लागतं, नव्यात बहुतेक आपोआप होतं. फिग्मात काही करावं लागत नाही. कोरलची जुनी व्हर्जनं अजून बऱ्याच प्रेसमध्ये चालू आहेत आणि त्यात युनिकोड देवनागरी फुटते, त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग. जॉमेट्रिक फॉन्टमध्ये इंग्रजी कॅपिटल थोडी सुटी केली की छान दिसतात, फिग्मात तीन ते पाच टक्के द्या. हेच देवनागरीला केलंत तर शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे होतात. तरी लोक करतात, बुटिक होमस्टेच्या लोगोत तर हमखास, कारण इंग्रजी नाव सुटं सुटं लिहिलंय मग खाली देवनागरीपण तशीच पाहिजे. नाही करायचं. देवनागरीचं ट्रॅकिंग शून्य ठेवा आणि दोन्ही ओळी सारख्या रुंद दिसायला हव्या असतील तर साइज कमीजास्त करून जुळवा. मायनसमध्ये पण नको, रेघा एकमेकींवर चढतात आणि थोडा ट्रान्सपरंट रंग असेल तर प्रत्येक सांध्यावर गडद पट्टा दिसतो.

तसंच आपल्याकडे कॅपिटल नाही, आणि तिरकी देवनागरी मला तरी बघवत नाही, त्यामुळे मोठं-लहान, महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं हे सगळं वेट, साइज आणि रंगातून दाखवायचं. एका कामात दोन वेट, फार तर तीन. जवळजवळचे नकोत, रेग्युलर आणि मीडियम शेजारी ठेवले तर फरक लांबून कळतही नाही, रेग्युलर आणि सेमीबोल्ड घ्या.

ओळींमधलं अंतर इंग्रजीला १.२ पुरतं, देवनागरीला वर रफार-मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार असतो म्हणून १.५ च्या आसपास धरा, कोंकणी मजकुराला अजून थोडं. पॉपिन्सची डिफॉल्ट ओळ मुळातच ऐसपैस आहे, त्यामुळे वेबसाइटवर नुसतं इंग्रजी असलेलं मोठं हेडिंग सैल वाटतं, तिथे लाइन हाइट हाताने कमी करा. पण तोच घट्ट आकडा मराठी पानाला लागू झाला की "मूर्ती"चा दीर्घ ऊकार खालच्या ओळीत शिरतो, म्हणून भाषेप्रमाणे वेगळी लाइन हाइट ठेवायची. आणि वेबवर अठराच्या अठरा स्टाइल लोड करू नका हो, देवनागरीच्या फाइलमध्ये जोडाक्षरं असतात, ती जड असते, पेडण्याच्या आतल्या वाड्यावर नेटवर्कचा एक दांडा असताना तुमचं पान उघडायला पाहिजे ना.

आता बोर्ड, इथे जरा जास्त थांबतो कारण स्क्रीनवरचं डिझाइन आणि भिंतीवर चढलेला बोर्ड ह्यात बरंच अंतर असतं. अॅक्रिलिक किंवा स्टीलची कापीव अक्षरं करायची असतील तर देवनागरी चक्क सोपी जाते, शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच तुकडा म्हणून कापून निघतो, भिंतीवर सरळ बसतो, एक अक्षर तिरकं लागायचा प्रश्नच नाही. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं मोजून लावावं लागतं. पण अनुस्वार, आणि "ॐ"ची चंद्रकोर, हे तुकडे सुटे राहतात. "फोंडा"वरचं टिंब दोन पावसाळ्यांत पडलं की "फोडा" उरतं, आणि हसं बोर्डवाल्याचं नाही तुमचं होतं. त्या टिंबाला मागून पिन लावायला सांगा, नुसत्या टेपवर सोडू नका. वेट सेमीबोल्डच्या खाली नको. आत एलईडी घालायचे असतील तर अक्षराच्या दांड्यात पट्टी मावली पाहिजे, त्यामुळे फायनल करायच्या आधी बोर्डवाल्याकडून पट्टीची रुंदी विचारून घ्या आणि सगळ्यात बारीक रेघ मोजा, ती बहुतेक मात्रेच्या टोकाला असते, दांड्यात नाही.

लाइट आणि थिन वेट मॉकअपवर फार सुंदर दिसतात. एप्रिलच्या दुपारी पांढऱ्या शीटवरून उन्हाची तिरीप येते तेव्हा ती गायब होतात, आणि मागे चिऱ्याची लाल भिंत असेल तर आणखीनच, कारण चिऱ्याला स्वतःचीच भोकं असतात. साइजचा साधारण हिशोब असा की दर दहा फूट अंतराला एक इंच अक्षराची उंची. हायवेवरून शंभर फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर दहा इंच, आणि देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून खाली दांड्याच्या टोकापर्यंत धरा, मात्रा आणि उकार त्यात मोजू नका, त्यांना वरखाली वेगळी जागा सोडा. बोर्डाची उंची ठरवताना हीच जागा विसरली जाते आणि मग रफार फ्रेमच्या पट्टीखाली जातो.

जॉमेट्रिक कुठे वापरू नये तेही सांगून टाकतो. जत्रेतल्या नाटकाची चार पानी पुस्तिका, त्यात कलाकारांची नावं, देणगीदारांची यादी, सगळं नऊ-दहा पॉइंटमध्ये, तिथे हे गोल गोल अक्षर डोळ्याला थकवतं, प्रत्येक अक्षर दुसऱ्यासारखंच दिसायला लागतं. मथळे पॉपिन्समध्ये ठेवा आणि आतला मजकूर मुक्त किंवा हिंदमध्ये लावा. मुक्त हा मुंबईच्या एक टाइपचा, सात वेट, लहान साइजला स्वच्छ वाचता येतो. हिंद पण चालतो, तो इंडियन टाइप फाउंड्रीचाच आहे. दुसरी जागा म्हणजे वाय-फायचा पासवर्ड, ईमेल, यूपीआय आयडी. जॉमेट्रिक फॉन्टात कॅपिटल आय आणि स्मॉल एल म्हणजे दोन उभ्या काठ्या, शॅकमधला टुरिस्ट तीनदा चुकीचा पासवर्ड मारतो आणि वेटरला हाका मारत बसतो. तेवढ्या ओळीला दुसरा फॉन्ट लावला तर काही बिघडत नाही. आणि लग्नपत्रिका, तिथे तुमचं मॉडर्न कोणी विचारत नाही, घरातल्या मोठ्यांना वळणदार अक्षर पाहिजे असतं, देऊन टाका.

लायसन्सबद्दल. पॉपिन्स, मुक्त, हिंद हे ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, धंद्याच्या कामाला, लोगोला, वेबसाइटला, ॲपला, कशालाही फुकट वापरा, फक्त नुसती फॉन्टची फाइल विकायची नाही. फ्युचुरा आणि गॉथम विकत घ्यावे लागतात, डीटीपीवाल्याच्या पेनड्राइव्हवरून आले म्हणून ते तुमचे होत नाहीत, आणि हॉटेलची मोठी चेन क्लायंट असेल तर तिचा वकील लायसन्सची पावती मागतो. कोटेशन देतानाच फॉन्टचा खर्च वेगळी ओळ म्हणून लिहा.

शेवटी प्रेसला फाइल देणं. प्रेसवाला म्हणणार मजकूर श्रीलिपीत द्या, किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा आम्ही टाइप करून घेऊ. दोन्हीला नाही म्हणा. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, तुमचा मजकूर तिकडे बदलून घालताना जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात, आणि परत टाइप केलं तर फॉन्टही त्यांचा आणि शुद्धलेखनही त्यांचं. त्यापेक्षा तुमच्याकडेच सगळा मजकूर आउटलाइन करा, म्हणजे कन्व्हर्ट टू कर्व्ह, मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा, आणि आउटलाइन केलेली पीडीएफ पाठवा, मग त्यांच्याकडे कोरलचं कुठलं व्हर्जन आहे ह्याने काही फरक पडत नाही. आउटलाइन करायच्या आधी क्लायंटकडून नावं आणि तारखा वाचून घ्या, कारण नंतर एक वेलांटी बदलायची म्हटली तरी अख्खा शब्द पुन्हा करावा लागतो. कर्व्ह केल्यावर झूम करून शिरोरेषेचे सांधे बघा, दोन अक्षरांच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात, त्या पाथफाइंडरने युनाइट करून एक करा, नाहीतर प्लॉटरचं ब्लेड प्रत्येक सांध्यावर चिरा पाडतं आणि विनाइल तिथूनच सुटायला लागतं. युनाइट करताना द्ध, श्र, ण ची पोटं भरली गेली नाहीत ना तेवढं बघा, मग पाठवा.